नावाच्या जागी प्रश्नचिन्हं : एका सेटिंगचा इतिहास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा. गोष्ट तुमच्या-माझ्या नावाची आहे.

लाभार्थ्यांच्या यादीत, सोसायटीच्या नोटिशीत, दवाखान्याच्या बिलावर नावाच्या जागी "????? ????" असं छापलेलं तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. खिडकीवर विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे." आणखी खोदून विचारलं तर, "कॉम्प्युटरला मराठी जमत नाही हो, इंग्रजीत लिहून द्या." आपणही मान डोलावतो आणि इंग्रजीत लिहून देतो.

मी गेली वीस-बावीस वर्षं सहकारी संस्था आणि छोट्या कारखान्यांच्या हिशेबाच्या, पगाराच्या सॉफ्टवेअरमागचे डेटाबेस दुरुस्त करायचं काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, कॉम्प्युटरला मराठी उत्तम जमतं. ते प्रश्नचिन्ह म्हणजे मशीनची असमर्थता नाही. डेटाबेस पहिल्यांदा बसवताना कुणीतरी एक पर्याय निवडलेला असतो, किंवा न निवडता 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबलेलं असतं. त्याचा तो परिणाम आहे. त्या पर्यायाचं नाव 'कॅरेक्टर सेट'. हा पर्याय कुठून आला, आपल्या वाट्याला चुकीचाच का येत राहिला आणि त्यातून काय कायमचं गेलं, तेवढं आज सांगायचं आहे.

आधी आजार ओळखू या.

कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याचा तक्ता म्हणजे कॅरेक्टर सेट. जुन्या छापखान्यातला खिळे जुळवणारा कारागीर आठवा. त्याच्या पेटीत 'म'चा खिळाच नसेल आणि मजकूर 'मंगल' असेल, तर तो काय करणार? एक तर काम थांबवून मालकाला विचारेल, नाही तर हाताला येईल तो खिळा लावून मोकळा होईल. ज्या डेटाबेसच्या तक्त्यात देवनागरी नाही, त्यातले बरेचसे दुसरा मार्ग धरतात. प्रत्येक अनोळखी अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवतात. ओरॅकलमध्ये कधीकधी ते प्रश्नचिन्ह उलटं असतं.

इथं एक फरक लक्षात ठेवा, फार कामाचा आहे. नाव बिघडलेलं दिसण्याचे दोन प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात नावाच्या जागी विचित्र चिन्हांची माळ दिसते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए', मग चलनाचं एक गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तोच रेघवाला 'ए'. हे बघून लोक घाबरतात, पण ही बातमी चांगली आहे. आकडे शाबूत आहेत, फक्त वाचणारा चुकीचा तक्ता धरून वाचतोय. आजच्या प्रचलित पद्धतीत, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये, 'म' हे अक्षर २२४, १६४, १७४ अशा तीन आकड्यांत साठवलं जातं. जुन्या युरोपीय तक्त्यात २२४ म्हणजे तो रेघवाला 'ए', १६४ म्हणजे चलनाचं चिन्ह आणि १७४ म्हणजे नोंदणीकृत व्यापारचिन्हाची गोल खूण. तक्ता बदलला की 'म' परत दिसतो.

दुसरा प्रकार नुसत्या प्रश्नचिन्हांचा. त्यातही कधी आत सगळं ठीक असतं आणि फक्त पडद्यावर किंवा कागदावर येताना बिघडतं. म्हणून साठवलेले आकडे बघावेच लागतात. ओरॅकलमध्ये त्यासाठी 'डंप' नावाचं फंक्शन आहे. उत्तर २२४, १६४, १७४ असं आलं, तर मी सुटकेचा श्वास सोडतो. ६३, ६३, ६३ असं आलं, तर संपलं. ६३ म्हणजे खरोखरचं प्रश्नचिन्ह. तिथं 'मंगल' होतं की 'कमला', हे आता जगातला कुठलाही तज्ज्ञ त्या आकड्यांवरून सांगू शकत नाही. नाव लपलेलं नसतं, पुसलं गेलेलं असतं.

आता इतिहासाकडे येऊ.

१९६३ मध्ये अमेरिकेत 'आस्की' हा तक्ता प्रमाण झाला. त्यात १२८ जागा. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, झालं. पुढं एका बाइटमध्ये २५६ जागा मिळतात म्हटल्यावर वरच्या १२८ जागा कुणाला द्यायच्या, हा प्रश्न आला. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं त्यावर ८८५९ या क्रमांकाची तक्त्यांची मालिका काढली. पहिला तक्ता पश्चिम युरोपचा. तो १९८७ मध्ये आला आणि 'लॅटिन-१' या नावानं जगभर पसरला. पाचवा रशियनसारख्या सिरिलिक लिप्यांचा, सहावा अरबीचा, सातवा ग्रीकचा, आठवा हिब्रूचा, अकरावा थाईचा.

बारावा तक्ता देवनागरीसाठी योजला होता. १९९७ मध्ये ते काम अधिकृतपणे सोडून देण्यात आलं. मालिकेत तेरा, चौदा, पंधरा, सोळा हे भाग पुढं आले. बाराव्या क्रमांकाची जागा आजही रिकामी आहे.

याचा अर्थ आपल्याकडे काही झालंच नव्हतं असा नाही. उलट आपली मंडळी पुढं होती. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' हे तंत्रज्ञान तयार झालं. मोहन तांबे हे त्या कामातलं महत्त्वाचं नाव. पुढं १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते काम आलं आणि संगणकात बसवायचं जिस्ट कार्ड सरकारी कार्यालयांत पोचलं. भारतीय मानक ब्यूरोनं १९९१ मध्ये 'इस्की' हा तक्ता प्रमाण केला. त्याची रचना हुशारीची होती. खालच्या १२८ जागा इंग्रजीला तशाच ठेवल्या आणि वरच्या जागांत भारतीय लिप्या बसवल्या. 'क' देवनागरीतला असो, गुजरातीतला असो की कानडीतला, आकडा एकच. त्याच वर्षी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर आधारलेली होती. आज जगभरच्या फोनमध्ये मराठी ज्या क्रमानं बसलेली आहे, त्याचा पाया आपल्याकडच्या कामाचा आहे.

मग घोडं अडलं कुठं? माझ्या मते फॉन्टमध्ये.

नव्वदच्या दशकात डीटीपी आलं. लग्नपत्रिका, वर्तमानपत्रं, पुस्तकं, सगळं मराठीत सुबक छापून यायला लागलं. श्री-लिपीसारखी पॅकेजेस गावोगावच्या छापखान्यांत पोचली. पण त्या काळातल्या बहुतेक फॉन्टची युक्ती अशी, की कॉम्प्युटरच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचाच असायचा. फॉन्ट त्या अक्षरांच्या अंगावर मराठीचे कपडे चढवायचा. फॉन्ट बदलला की कपडे उतरले आणि खालची निरर्थक अक्षरं उघडी पडली. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची जुळणी वेगळी, म्हणून एकाचा मजकूर दुसऱ्याला वाचता येत नसे.

छपाईसाठी हे चालून गेलं, कारण कागदावर एकदा उमटलं की काम संपलं. पण हीच युक्ती हिशेबाच्या आणि नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरली. सभासदांची नावं अशा फॉन्टमध्ये टाइप झाली. डेटाबेसच्या लेखी ती लॅटिन अक्षरंच होती. मग डेटाबेसचा कॅरेक्टर सेट लॅटिन ठेवला काय, कुणाला काही फरक जाणवला नाही. मराठी दिसत होती आणि सगळे खुश होते. पंधरा-वीस वर्षं चुकीचं सेटिंग झाकलं गेलं, ते असं.

झाकण निघालं ते युनिकोड घरोघरी आल्यावर. विंडोज २००० मध्ये 'मंगल' फॉन्टसह देवनागरीची सोय आली. एक्सपीच्या काळात त्यासाठी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि मग मशीन मूळ सीडी मागायचं. ती सीडी कपाटात कुठं आहे, हे कुणालाच माहीत नसायचं. ज्यांनी त्या काळात काम केलंय, त्यांना हसू येईल. फोन आले, इंटरनेट आलं, आणि लोक खरी मराठी टाइप करायला लागले. ही खरी मराठी त्याच जुन्या लॅटिन डेटाबेसात जायला लागली. तिथं तिच्यासाठी खिळाच नव्हता.

आता डेटाबेस कंपन्यांचं ऐका. हा भाग कोरडा आहे, पण दोष कुणाकडे किती, हे कळायला लागेल.

ओरॅकलमध्ये कॅरेक्टर सेट डेटाबेस तयार करतानाच ठरतो. नंतर तो बदलणं म्हणजे एक बटण दाबणं नव्हे. सगळ्या नोंदी तपासून नव्या तक्त्यात न्याव्या लागतात. २०१६-१७ च्या सुमाराला आलेल्या १२.२ आवृत्तीपर्यंत बसवणाऱ्यानं काही निवडलं नाही, तर मशीनच्या भाषेवरून पर्याय ठरायचा. आपल्याकडची मशीनं इंग्रजी विंडोजची. म्हणजे आपोआप पश्चिम युरोपीय तक्ता. १२.२ पासून मात्र न विचारता मिळणारा पर्याय युनिकोडचा झाला.

मायएसक्यूएलची गंमत वेगळी. हे सॉफ्टवेअर स्वीडनमधल्या कंपनीचं. त्यामुळं त्याचा न विचारता मिळणारा पर्याय होता लॅटिन-१, आणि नावांचा क्रम लावायचा नियम स्वीडिश. आपल्या तालुक्याच्या गावातलं एखादं सॉफ्टवेअर कुणी सेटिंग न बदलता बसवलं, की स्वीडिश वर्णक्रम मुकाट लागू व्हायचा. हा पर्याय बदलून पूर्ण युनिकोड झाला एप्रिल २०१८ च्या ८.० आवृत्तीत.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकुराचे दोन मुख्य प्रकार, 'व्हारकॅर' आणि 'एन-व्हारकॅर'. पहिला विंडोजच्या जुन्या, भाषेनुसार ठरलेल्या तक्त्यांवर चालतो. त्या तक्त्यांत ग्रीक होतं, अरबी होतं, थाई होतं. देवनागरी नव्हती. विंडोजनं मराठी-हिंदीला थेट युनिकोडमध्येच जागा दिली. म्हणून 'एन' नसलेल्या रकान्यात मराठी टाकली की प्रश्नचिन्हं ठरलेली. २०१९ च्या आवृत्तीत यूटीएफ-८ ची सोय आली, तोवर दुसरा इलाज नव्हता. रकाना बरोबर असूनही प्रोग्राम लिहिणाऱ्यानं मजकुराच्या अवतरणाआधी 'एन' हे एक अक्षर लिहायचं राहिलं, तरी तेच. एका अक्षरासाठी आख्खं नाव जातं.

मोठमोठ्या कंपन्या वापरतात त्या सॅपमध्येही अनेक वर्षं युनिकोड आणि बिगर-युनिकोड असे दोन संसार चालू होते. २०१५ च्या ७.५ आवृत्तीपासून फक्त युनिकोड राहिलं.

तारखा बघा. युनिकोड १९९१ चं. ते साठवायची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर मांडली. आणि न मागता युनिकोड मिळायला २०१६, २०१८ उजाडलं. मधली पंचवीस वर्षं युनिकोड मागितलं तर मिळत होतं. मागावं मात्र लागत होतं. आपल्याकडे ते मागणारं कुणी नव्हतं, हा या इतिहासातला आपला वाटा.

आता यातून माणसाचं काय होतं, ते एका उदाहरणावरून सांगतो. संस्थेचं नाव सांगत नाही.

एका पतसंस्थेनं सॉफ्टवेअर बदललं. जुन्या फॉन्टमधली नावं कन्व्हर्टर लावून युनिकोडमध्ये आणली, तेवढं काम चोख झालं. मग ती नव्या डेटाबेसात भरली. डेटाबेस बरोबर होता, रकाने बरोबर होते. पण भरणाऱ्या प्रोग्रामचा डेटाबेसशी जो संवाद होतो, त्याचं सेटिंग लॅटिन राहिलं होतं. दाराच्या आत खोली मराठीची, पण दारावरचा माणूस फक्त युरोपीय अक्षरं आत सोडणारा. हजारो नावं दारातच प्रश्नचिन्हं झाली.

त्यातही वाईट हे, की मशीननं काम थांबवलं नाही. मायएसक्यूएलमध्ये एक 'स्ट्रिक्ट मोड' असतो. तो चालू असला, तर न बसणारा मजकूर आला की ते चूक दाखवतं आणि थांबतं. २०१५ च्या ५.७ आवृत्तीपर्यंत हा मोड मूळ सेटिंगमध्ये बंद असायचा आणि इथंही तो बंदच होता. मशीननं फक्त सूचना नोंदवल्या, त्या कुणी वाचल्या नाहीत. एकूण नोंदी जुळल्या, रकमा पैशापर्यंत जुळल्या, ऑडिट झालं. नावं कुणी उघडून पाहिली नाहीत. जुना सर्व्हर भंगारात गेला. बॅकअप रोज होत होता, पण प्रश्नचिन्हांचाच.

मला बोलावलं तेव्हा 'डंप'सारखीच तपासणी केली. ६३, ६३, ६३.

खिडकीवर एक आजी आल्या होत्या. यजमान वारले होते, त्यांची ठेव होती, वारस म्हणून आजींचं नाव लावलेलं होतं.

"आजी, इथं तुमचं नाव दिसत नाही," क्लार्क म्हणाला.

"अरे बाळा, पासबुकात आहे की. यांनीच लावलंय. हे बघ."

"पासबुकात आहे हो, पण सिस्टीममध्ये पाहिजे ना."

पोरगा वाईट नव्हता. त्याच्यापुढं पडद्यावर खरंच नाव नव्हतं. पण विचार करा, नाव पुसलं संस्थेच्या सेटिंगनं आणि ओळख पटवायला चकरा मारायच्या आजींनी. पासबुक, वारस नोंदीचा अर्ज, शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र. पैसे मिळाले शेवटी, पण काही आठवडे गेले.

संस्थेला वाचवलं कुणी? 'आय' नमुन्यातल्या हस्तलिखित सभासद रजिस्टरनं. निळ्या शाईतली, वळणदार अक्षरातली नावं. दोन मुली दोन महिने बसून ती पुन्हा टाइप करत होत्या. ज्यांची पानं फाटली होती, त्यांची नावं केवायसीच्या कागदावरून घेतली, तीही इंग्रजीतून. मग एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं दोन तऱ्हांनी लिहिली गेली. म्हणजे आजच्या दुरुस्तीतून उद्याच्या वारस प्रकरणाची सोय झाली.

आता कुणी म्हणेल, युनिकोड निवडलं की सुटलो. नाही, अजून तीन खड्डे आहेत. तेही सेटिंगचेच.

पहिला लांबीचा. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट. काना, मात्रा, हलन्त, सगळे वेगळे मोजायचे. 'ज्ञानेश्वर' यात दहा चिन्हं, म्हणजे तीस बाइट. ओरॅकलमध्ये रकान्याची लांबी, वेगळं सांगितलं नाही तर, बाइटमध्ये मोजली जाते. पूर्ण नावासाठी ५० चा रकाना ठेवला, तर 'ज्ञानेश्वर लक्ष्मणराव क्षीरसागर' हे नाव इंग्रजीत मोकळी जागा धरून ३२ अक्षरांत आरामात बसतं. मराठीत त्याला ८९ बाइट लागतात. डेटाबेस 'ओआरए-१२८९९' ही चूक दाखवतो, जागा अपुरी. प्रोग्रामर वैतागून नाव कापायची ओळ लिहितो आणि यादीत छापून येतं 'ज्ञानेश्वर लक्ष्म'. खरा इलाज सोपा आहे, लांबी अक्षरांत मोजायला सांगा. पण ते आधी सांगावं लागतं.

दुसरा खड्डा खास मराठीचा. 'बऱ्हाटे' या आडनावातला 'ऱ' युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिला जाऊ शकतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह. दोन, साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता. तीन, 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. मशीनला आकडे वेगळे दिसतात. एका कीबोर्डवरून भरलेलं नाव दुसऱ्या कीबोर्डवरून शोधलं की "रेकॉर्ड सापडत नाही". 'ॲड.' मधल्या 'ॲ'चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये. त्याआधीची मंडळी 'अ'वर अर्धचंद्र देऊन काम भागवत होती, आणि जुन्या नोंदी अजून तशाच आहेत. मजकूर साठवण्याआधी एकाच रूपात आणायची पद्धत आहे. तिनं 'ऱ'ची पहिली दोन रूपं एक होतात. बाकीच्यांसाठी आपला नियम आपल्यालाच लिहावा लागतो. स्वीडिश माणूस तो लिहून देणार नाही.

तिसरा खड्डा मोडीचा. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४ मध्ये, ७.० आवृत्तीत. तिची अक्षरं चार बाइटची आहेत. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' नावानं जे जुनं सेटिंग आहे, ते तीन बाइटपर्यंतच जातं. चार बाइटचं वेगळ्या नावाचं सेटिंग २०१० मध्ये ५.५ आवृत्तीबरोबर आलं. पण अनेकांनी जुनंच ठेवलंय, कारण देवनागरी त्यात बसते. उद्या कुणी दफ्तरातली मोडी कागदपत्रं मोडी अक्षरांतच सूचीत घालायला गेला, तर तिथं पुन्हा तोच अनुभव येईल. शिवकाळ-पेशवाईतली कागदपत्रं वाळवीतून वाचली आणि सेटिंगमध्ये अडकली, असं व्हायला नको.

एवढं सगळं सांगायचं कारण असं. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपण फटाके वाजवले, बरं वाटलं. पण डेटाबेस अधिनियम वाचत नाही आणि दर्जाही वाचत नाही. तो सेटिंगची एक ओळ वाचतो. ती ओळ निविदेत नसेल तर करारात येत नाही, करारात नसेल तर बसवणारा ती बघत नाही, आणि मग खिडकीवर आजींना चकरा पडतात. भाषेसाठी मोर्चे निघतात, पाट्यांवरून भांडणं होतात, ती व्हावीतही. त्या भांडणातला थोडा जोर या ओळीसाठी राखून ठेवायला हवा, कारण पाटी पुन्हा रंगवता येते, ६३ चा 'म' परत करता येत नाही.

करायचं काय, तर अवघड काही नाही. तुमच्या पतसंस्थेची, सोसायटीची, कारखान्याची वार्षिक सभा होईल. नवीन सॉफ्टवेअरचा ठराव येईल. कुठल्याही पक्षाचे, पॅनेलचे असा, उभं राहून एवढंच मागा, की पैसे देण्याआधी नमुन्याची पाच नावं भरून दाखवा.

१. ज्ञानेश्वर लक्ष्मणराव क्षीरसागर. शेवटपर्यंत छापलं जातं का?

२. बऱ्हाटे. एका मशीनवर भरा, दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या कीबोर्डवरून शोधा. सापडतं का?

३. ॲड. कृष्णाबाई. 'ॲ' आणि 'कृ' जसेच्या तसे परत येतात का?

४. मोडीतलं एखादं नाव. नाही जमलं तर चूक दाखवून थांबतं, की मुकाट प्रश्नचिन्ह ठेवतं? थांबलं तर निदान प्रामाणिक आहे.

५. आणि तुमचं स्वतःचं नाव. भरा, बॅकअप घ्यायला लावा, तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर परत चढवायला लावा आणि मग उघडून बघा.

अर्ध्या तासाचं काम आहे. जुनी माहिती नव्यात आणताना नोंदींची संख्या आणि रकमेची बेरीज यांच्याबरोबर शे-दोनशे नावंही कागदाशी ताडून बघा, आणि ताडून होईपर्यंत जुना सर्व्हर भंगारवाल्याला देऊ नका. हस्तलिखित रजिस्टर तर कधीच देऊ नका.

तुमच्या ओळखीत कुणी संचालक, सचिव, ग्रामपंचायत सदस्य किंवा सॉफ्टवेअरवाला असेल, तर त्याच्यापर्यंत ही पाच नावं पोचवा. सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायच्या असतात. वेळ आहे.